दुसरी थाप दबते

आमच्या घरात हल्ली वेळ सव्वाशे मिलिसेकंदांत मोजली जाते. १२० च्या लयीत एका ठोक्याचे चार भाग केले की एकेक भाग १२५ मिलिसेकंदांचा येतो, आणि तेवढ्यात माझ्या सीक्वेन्सरला एक वाद्य आटोपून दुसरं सुरू करायचं असतं. किक, हाय-हॅट, टॉम, पुन्हा किक. वाद्यं अर्थात इतकी नाहीतच. आहे तो एक ॲनालॉग फिल्टर. त्याची किंमत कळल्यापासून दुसऱ्याचा विषय घरात निघत नाही, आणि बायकोच्या मते पहिल्याचाही निघाला नव्हता, थेट पार्सलच आलं होतं.

एकाच फिल्टरकडून सगळ्यांची कामं करून घ्यायची रीत जुनी आहे. रेझोनन्स इतका चढवायचा की फिल्टर आपणहून शिटी घालायच्या बेतात यावा, पण घालू नये. मग त्याला विजेची एक बारीक टिचकी मारायची. तो घुमतो आणि घुमत घुमत विझतो. कटऑफ ६० हर्ट्झला असेल तर किक, दोनशेच्या आसपास टॉम. टिचकीऐवजी खरखर सोडून कटऑफ ८००० वर नेला की हाय-हॅटच्या जवळपासचं काहीतरी. रोलँडने १९८० साली काढलेल्या टीआर-८०८ मधली ती जगप्रसिद्ध किकही याच जातीची. तिच्यात ढोल नाही की ढोलाचं रेकॉर्डिंग नाही, टिचकी खाल्लेलं एक फिल्टर-सर्किट आहे.

आता किकवरून हॅटवर जाणं म्हणजे साठवरून आठ हजारांवर, सात सप्तकांची उडी. व्होल्टेज ही उडी डोळ्याचं पातं लवायच्या आत मारतं. अडतं पुढेच. रॉबर्ट मोग यांना ज्या फिल्टरचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं, त्यात ट्रान्झिस्टरांची एक शिडी आहे आणि तिच्या पायऱ्यांवर चार कपॅसिटर बसलेले आहेत. माझाही फिल्टर याच घराण्यातला. कटऑफ बदलला म्हणून कपॅसिटरांमधला भार काही नाहीसा होत नाही. किकचा उरलासुरला भार तिथेच असतो, आणि दार उघडल्यावर तो नव्या वेगाने बाहेर पडतो. म्हणजे हॅटच्या तोंडाशी किकचं एक चिमुकलं ‘टुक्’. सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक दोन, पाण्याची टाकी, सुरू झालेला असतो, तरी काहींचा विषय क्रमांक एकमधला पार्किंगचा राग उतरलेला नसतो, आणि तो टाकीच्या निमित्ताने बाहेर येतो, हे तसंच. शिवाय उडीच्या क्षणी किकची लाट वर होती की खाली, यावर ते ‘टुक्’ ठरतं. त्यामुळे कुठलेही दोन हॅट एकसारखे येत नाहीत.

हौशी लोक याला ‘ॲनालॉगची ऊब’ म्हणतात. मला ही ऊब कधी जाणवली नाही, मे महिन्यात पुण्यात तर मुळीच नाही. आणि मागचं लक्षात ठेवणं ही काही ॲनालॉगची मक्तेदारी नव्हे. डिजिटल फिल्टरलाही स्मृती असते, फक्त दर ठोक्याआधी त्याची पाटी पुसता येते आणि उकाड्याने त्याचा सूर हलत नाही. माझ्या फिल्टरला उकाडा कळतो. ट्रान्झिस्टरची वागणूक तापमानाप्रमाणे बदलते, म्हणून सकाळी लावलेला कटऑफ दुपारी तिथेच सापडेल याची हमी नाही.

या सगळ्याचा निवाडा झाला तो वरच्या मजल्यावरच्या काकांकडून. काका आयुष्यभर तबला वाजवत आले आहेत, आणि माझी किक स्लॅबमधून त्यांच्या रियाजाच्या खोलीत पोचते. ते खाली आले तेव्हा मी माफीची वाक्यं जुळवत होतो.

“आवाजाचं काही नाही हो,” ते म्हणाले. “तुमची दुसरी थाप दबते.”

लागोपाठच्या दोन किकमधली दुसरी खरोखरच मेल्यासारखी येत होती. मी पॅच केबल उपटून-खोचून पाहत होतो, सीक्वेन्सरला दोष देत होतो. काकांना मी क्यू-फॅक्टर, कपॅसिटर, शिडी असं सगळं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “पट्टी जरा चढवून बघा.” तबल्याचे गट्ठे ठोकायच्या अंदाजात मी कटऑफचा नॉब केसभर फिरवला. दुसरी थाप दणकन आली.

ते गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ६० हर्ट्झची लाट १२५ मिलिसेकंदांत साडेसात वेळा हेलकावते. म्हणजे दुसरी टिचकी पडते तेव्हा पहिलीचा झोका बरोब्बर उलट्या दिशेने निघालेला असतो. माझ्या रेझोनन्सला तोवर पहिलीचा निम्म्याला थोडा कमी जोर शिल्लक असतो, आणि तो नव्या थापेतून वजा होतो. तेच ६४ हर्ट्झला पूर्ण आठ हेलकावे होतात, आणि शिल्लक जोर मिळवला जातो. पट्टीत फरक जेमतेम एका अर्धस्वराचा, जोरात अडीचपटीहून जास्त. हे गणित मी काकांना दाखवलं. “हो, असेल,” ते म्हणाले.

शिल्लक साठत जाण्याची ही खोड रोलँडच्याच टीबी-३०३ ने तर नावारूपाला आणली. तिच्यात लागोपाठ ॲक्सेंट दिले की एका कपॅसिटरमध्ये भार चढत जातो आणि फिल्टर दर खेपेला आणखी उघडतो. यंत्र निघालं होतं एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ करायला. ते काम त्याला नीट जमलं नाही आणि विक्री पडली. पुढे शिकागोच्या पोरांनी त्याचे नॉब पिरगाळून १९८७ मध्ये ॲसिड हाउस उभं केलं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजीत सिंह या सिनेसंगीतातल्या वादकाने हेच ३०३ आणि ८०८ जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून ठेवले होते. ती रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी विचारली नाही.

काकांना हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, “ठेका कुठला धरला होता?” मग त्यांची नजर माझ्या सीक्वेन्सरच्या सोळा बटणांवर गेली. सोळा म्हटल्यावर त्रिताल आलाच. धा आणि धिं आहे तिथे किक, असं त्यांनी मला बसवायला लावलं. १२५ मिलिसेकंदांना एक मात्रा म्हणजे फारच द्रुत, पण त्यांची हरकत नव्हती. “दहा ते तेरा बंद ठेवा. तिथे डग्गा घुमत नाही.”

चालू केलं. पहिल्या नऊ किक एकमेकींच्या पायात पाय घालत गेल्या. मग चार पायऱ्या मोकळ्या. तेवढ्यात फिल्टरमधली सगळी शिल्लक विरून गेली आणि चौदावी किक अशी स्वच्छ, गोल उठली, की स्वयंपाकघरातून बायकोनेही डोकावून पाहिलं.

काका डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकत राहिले. “चौदावी चांगली आहे,” ते म्हणाले. “आता बाकीच्या अकरांचं बघा.”