न जेवता गेलेल्यांची वही

सासवडच्या आमच्या वाड्यात जिजी ‘जेवणार का?’ असं कुणालाही विचारत नसे. या प्रश्नाला ‘नको’ असंही उत्तर येऊ शकतं, हे तिला फार लवकर कळलं होतं. ती विचारायची, ‘हात धुतलेस का?’ माणूस गाफीलपणे ‘नाही’ म्हणायचा, मोरीकडे पाठवला जायचा, आणि मोरीतून बाहेर यायची वाट स्वयंपाकघरातूनच होती. त्यातूनही कुणी निसटू लागला तर त्याच्या चपला जागेवर नसत. मीटर बघायला आलेला वायरमन, मतदारयादीवाले मास्तर, चुकून आमचं दार वाजवलेला एक विमा एजंट, सगळे आमच्याकडे अनवाणी बसून पिठलं-भाकरी खाऊन गेलेत. ‘अर्धीच वाढा’ म्हटलं की जिजी अर्धीच वाढायची. मग उरलेली अर्धी एकटी पडेल म्हणून तीही.

गळ्यात तुळशीची माळ, पहाटे हरिपाठ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या. पण देव्हाऱ्यातल्या पितळी विठ्ठलाशी तिचं वागणं घरातल्या थोरल्या मुलाशी असावं तसं होतं: पाहुण्यांचं होऊ दे, तू काय, घरचाच आहेस. आरती अर्ध्यावर असताना दारात कुणी आलं तर निरांजन खाली ठेवून ती देवाला सांगायची, ‘थांब जरा. नाहीतरी तुला उभं राहायची सवयच आहे.’

पहाटे रक्त तपासायला लॅबचा पोरगा यायचा. उपाशीपोटी द्यायचं रक्त ती निमूटपणे द्यायची. आपण उपाशी असण्याबद्दल तिची तक्रार नव्हती, तो उपाशी आलाय याबद्दल होती. पुढं पुढं तो पोरगा आमचं घर मुद्दाम शेवटी ठेवू लागला आणि डबा आणायचा बंद झाला.

तिचा खरा हंगाम मात्र ज्येष्ठात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून निघते ती दिवे घाट चढून सासवडला येते. वाटेतला हा सगळ्यांत लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटरचा. इथं पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा. आमच्या वाड्यात रथामागची एक दिंडी पिढ्यान्‌पिढ्या उतरते. आता एवढा घाट तुडवून माणसं दारात यावीत आणि तिथी मात्र असावी एकादशी! जिजीच्या मते ही तिथी कुणीतरी पोट भरलेल्या माणसानं ठरवली होती. मग ती उपवासावरच सूड उगवायची. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू. त्या उपवासानंतर चांगले धडधाकट टाळकरी सोप्यावर आडवे पडून ‘माउली, माउली’ करत, आणि ते भक्तीनं की पोटाच्या तडशीनं हे सांगता येत नसे. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं, म्हणजे पुरणपोळी. त्याच दिवशी सोपानकाकांची पालखी सासवडातून निघते, त्यामुळं निरोपाचं जेवण आणि मुक्कामाचं जेवण एकाच चुलीवर.

एरवी दिंडीबरोबर तिचा ट्रक असतो. त्यात आचारी, गॅसच्या शेगड्या, पिठाची पोती, सगळं असतं. या ट्रकाला जिजी आपला वैरी समजायची. विणेकरीबुवांनी एकदा, ‘जिजी, यंदा आमचं आम्ही करतो, तुम्ही थकलात,’ असं म्हणून पाहिलं. जिजी म्हणाली, ‘करा की. पण ट्रक आमच्या दारात लावू नका, लोक काय म्हणतील?’ ट्रक पार बस स्टँडपाशी गेला आणि पंगत आमच्या अंगणात बसली.

या आदरातिथ्याचा धूर जिजीच्या डोळ्यांत कमी गेला, माझ्या आईच्या आणि काकूच्या डोळ्यांत जास्त. हे लिहिलं नाही तर मलाच घरी जेवायला मिळायचं नाही. पुण्य सासूच्या नावावर आणि भाकऱ्या सुनांच्या हातच्या, असा तो व्यवहार. जिजीला हे दिसत नव्हतं असं नाही. पंगत उठेपर्यंत ती पाहायची नाही, एवढंच. एका वर्षी खरकट्या भांड्यांच्या ढिगापुढं बसून काकू चिडून म्हणाली, ‘आत्या, जनाबाईकडं दळायला विठ्ठल यायचा म्हणतात. आमच्याकडं भांडी घासायला का येत नाही?’

‘येईल की,’ जिजी म्हणाली. ‘पण मग त्याच्यासाठी चार भाकरी जास्तीच्या टाका.’

हिशेबाच्या वहीचा तिला कंटाळा. किती पायली ज्वारी गेली, किती गूळ आला, काही लिहिलेलं नसायचं. ती शाळेत गेली नव्हती, हरिपाठाच्या पुस्तकावरून अक्षरं लावायला शिकली होती, त्यामुळं तिचं अक्षर छापल्यासारखं सुटं सुटं यायचं. त्या अक्षरात तिनं एकच वही लिहिली: न जेवता गेलेल्यांची. ‘बँकेचा साहेब. पाणीसुद्धा नाही.’ ‘धाकटीचा दीर. गाडीची घाई.’ ‘तात्याचा जावई. रागानं.’ माणूस पुन्हा येऊन जेवला की नावावर काट. जावयाच्या नावावर काट बसायला सात वर्षं लागली, आणि तोवर राग कशाचा होता हे तोही विसरला होता.

२०२० साली कोरोनामुळं पायी वारी झाली नाही. आषाढीच्या आदल्या दिवशी पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. टीव्हीवर फुलांनी सजवलेली ती बस बघून घरातली मोठी माणसं डोळे पुसत होती. जिजीनं विचारलं, ‘त्या ड्रायव्हरला कुणी जेवायला घातलं का?’ कुणालाच माहीत नव्हतं. रात्री वहीत नोंद पडली: ‘माउली. एसटीनं गेली.’ २०२१ ला पुन्हा तेच, पुन्हा नोंद. २०२२ ला पालखी पायी आली. द्वादशीला जिजीनं तळावर पुरणपोळीचा नैवेद्य पाठवला, व्याजाच्या दोन पोळ्या वर ठेवून, आणि संध्याकाळी दोन्ही नोंदींवर काट मारली.

त्या हिवाळ्यात ती गेली. दुपारची जेवणं उरकल्यावर, हे वेगळं सांगायला नकोच.

वही आता काकूकडं आहे, त्या भांडीवाल्या काकूकडं. थकबाकी फार उरलेली नाही. मतदारयादीवाल्या मास्तरांची बायको संक्रांतीला वाणाचं निमित्त काढून बोलावली आणि मोरीकडं पाठवली. बँकेच्या साहेबाचाही पत्ता लागलाय. निवृत्त होऊन हडपसरला राहतात, आणि हल्ली त्यांना मधुमेह आहे म्हणे. काकू म्हणते, पथ्याचं करू.