गळाला लागलेला

आमच्या मित्राने यंदा मासेमारीची काठी 'स्वतः' बांधायला घेतली. राहतो वर्ध्यात, जिथे १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. सामान मात्र असं आलं: कार्बन फायबरची पोकळ छडी, मुठीला पोर्तुगालचा कॉर्क, दोरी ओवायला सिरॅमिकचं अस्तर असलेल्या कड्या, त्या बांधायला नायलॉनचा दोरा आणि वरून इपॉक्सी. आता काठीत स्वतःचं म्हणाल, तर फक्त पैसे.

छडीची ताठ बाजू शोधायला ती फरशीवर टेकवून, वाकवून, बोटांनी फिरवत तो दोन संध्याकाळी बसला. कड्या त्या हिशेबाने लावायच्या म्हणे. इपॉक्सीचे दोन्ही भाग नेमके मोजून घ्यावे लागतात, नाहीतर थर सुकत नाही, चिकटच राहतो. याने चहाच्या चमच्याने अंदाज घेतला. काठीला पहिल्या रात्री पंख्याची धूळ, दोन डास आणि वहिनींचा पदर एवढं लागलं.

गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर छड्या करायला 'कलकत्ता बांबू' मागवायचे. तो म्हणजे आपला भरीव बांबू. विदर्भाच्या जंगलात उभाच असतो. हे मी सांगितलं, तर हा म्हणाला, "तो नवशिक्यांसाठी नाही."

रविवारी पवनारला धाम नदीवर गेलो. काठावर एक पोरगा बसलेला. हातात बांबू, दोरीला मोरपिसाची काडी, डब्यात गांडुळं, पिशवीत तीन मासे. मित्राची काठी त्याने बराच वेळ न्याहाळली.

"काका, हा अँटेना कायचा आहे जी?"