काढेकाका

बंगळूरच्या अपार्टमेंटमध्ये सकाळी सहाला लिफ्टभर सुंठीचा वास दरवळत असेल, तर खुशाल समजावं की तिथे एक काढेकाका नांदतात. आमचे मल्लेश्वरममध्ये, तिसऱ्या मजल्यावर. बँकेतून निवृत्त, मूळचे बेळगावचे. त्यामुळे पथ्यपाणी मराठीतून आणि कन्नडमधून सारख्याच अधिकाराने सांगतात.

त्यांच्या गॅलरीत मोगरा-जास्वंद नाही. तुळस, कोरफड, दोड्डपत्रे आणि रोज एक पान चावायचं ते ‘इन्शुलिनचं झाड’. गुळवेल, म्हणजे कन्नडमधली अमृतबळ्ळी, तर एसीचा पाइप धरून पार चौथ्या मजल्यावर पोचली. तिथले गृहस्थ तावातावाने जाब विचारायला आले, ते अमृतबळ्ळीची दोन कांडं आणि काढ्याची कृती घेऊन परत गेले. हैदर अलीने १७६० साली लालबाग घातली ती नुसती फिरायला, हे काकांना मान्य नाही. तिथे अर्जुनाचं झाड दिसलं की ते सोबतच्यांच्या हृदयाची चौकशी सुरू करतात.

काढा करताना काकांशी बोलायचं नाही. एक भाग औषध, सोळा भाग पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आच. ‘अहो, निदान दुधाचं पातेलं तरी सोडा,’ काकू कळवळून म्हणतात. ‘अगं, झाडपाल्याचं आहे. साइड इफेक्ट शून्य!’ हे ठरलेलं उत्तर. २०२० साली आयुष मंत्रालयानेच तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा घ्या म्हटलं, तेव्हापासून तर काकांना सरकारी पाठबळ मिळालं आहे. ‘मी इतकी वर्षं काय वेगळं सांगत होतो?’

बीपीची गोळीही ते न चुकता घेतात, पण त्याचा गाजावाजा नाही. गणपतीत मंडळात नाट्यगीत म्हणायचं होतं, म्हणून आवाजासाठी काकांनी महिनाभर जेष्ठमधाची काडी गालात धरली आणि बीपी गोळीला जुमानेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’

‘छे हो, काही नाही,’ काका म्हणाले. शब्द जरा बोबडे आले.

‘अहो, आधी ती काडी काढा तोंडातून,’ काकू कडाडल्या, ‘मग खोटं बोला!’

जेष्ठमध फार दिवस घेतला की अंगात मीठ-पाणी साचतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, असं बाईंनी शांतपणे समजावलं. दुसरा कुणी ओशाळला असता. काका घरी आले ते छाती काढून. ‘बघितलंत? जेष्ठमधापुढे त्यांची गोळी हरली! याला म्हणतात गुण!’ काडी मात्र त्यांनी मुकाट्याने बंद केली.

इमारतीत रात्री कुणी खोकलं की काका थर्मास घेऊन दारात हजर. पाय दुखत असताना तासभर गॅसपाशी उभं राहून त्यांनी तो काढा आटवलेला असतो. नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? शेवटचा कडू घोट घशाखाली उतरेपर्यंत ते हलतही नाहीत. आम्ही डोळे मिटून पितो, आणि आधीच घेतलेल्या गोळीबद्दल अवाक्षर काढत नाही. काका डॉक्टरांपासून काढे लपवतात, आम्ही काकांपासून गोळ्या.

दोन दिवसांनी लिफ्टमध्ये काका विचारतात, ‘काय, कशाने उतार पडला?’

लिफ्टमधले सगळे एका सुरात सांगतात, ‘काढ्याने, काका!’