पिवळं पुस्तक आणि डोंबिवलीचा डास

बोटीच्या सहलीची बातमी फुटली आणि आमच्या बिल्डिंगमधले सगळे एका रात्रीत डॉक्टर झाले. कुणी टायफॉइडची लस सांगितली, कुणी काविळीची. तळमजल्यावरचे मास्तर तर देवीची घ्या म्हणाले. देवीचं उच्चाटन झाल्याचं १९८० सालीच जाहीर झालंय म्हटल्यावर, "बोटीवर काय सांगावं!" असं पुटपुटत ते पेपरात शिरले. टायफॉइडच्या बाबतीत आमच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "ती लस गोरे लोक आपल्याकडे येताना घेतात," म्हणाले. पण दिली.

खरा घोळ यलो फीव्हरचा, म्हणजे पीतज्वराचा. फ्लोरिडाहून निघायचं, कोलंबियातलं कार्ताहेना बघायचं, पनामा कालव्यात शिरून गाटुन तलावातून माघारी फिरायचं, मग कोस्टा रिकातलं लिमोन आणि पुन्हा फ्लोरिडा. आमच्या साडूभाऊंनी उभा जन्म बँकेत लेजरं तपासली आहेत. त्यांनी लाल पेन काढलं आणि तासाभरात निकाल दिला: हा हिशोब कुठल्या देशात जाता याचा नाही, कुठून कुठे जाता याचा आहे. कोस्टा रिका कोलंबियाहून येणाऱ्याकडे लस घेतल्याचा दाखला मागतं. तीच बोट आधी लिमोनला आणि मग कार्ताहेनाला गेली असती, तर लिमोनवाल्यांनी हूं की चूं केलं नसतं. बोटीच्या प्रवाशांना सूट असते का, हे विचारायला कंपनीला फोन केला. आधी बराच वेळ संगीत ऐकवलं आणि मग आपापल्या डॉक्टरांना विचारा असं सांगितलं.

"बोटीवरून उतरलोच नाही तर?" आमच्या हिने विचारलं. म्हणजे एवढे लाख मोजून कार्ताहेना खिडकीतून बघायचं.

पण सगळ्यांत कडक निघाला तो आपलाच देश. पीतज्वराच्या मुलखातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसेल, तर सहा दिवस पुरे होईपर्यंत सरकारी पाहुणचार. आम्हाला तर भाच्याच्या लग्नासाठी बोटीवरून थेट विमानात बसायचं होतं. मला आधी वाटलं, सरकारला आमच्या जिवाची केवढी ही काळजी! काळजी होती, पण वेगळीच. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे मुबलक आहे. डेंग्यूचं खातं तोच सांभाळतो. हत्यार घेऊन तो डोंबिवलीत तयार बसलाय, फक्त दारूगोळा अजून पोचलेला नाही. तो आम्ही सामानातून आणू नये, एवढंच सरकारचं म्हणणं.

हे ऐकून साडूभाऊंनी पनामाचा इतिहास काढला. फ्रेंचांनी १८८१ साली कालवा खणायला घेतला आणि आठ वर्षांत गाशा गुंडाळला. पीतज्वराने आणि मलेरियाने वीस हजारांवर माणसं गेली असा अंदाज आहे. गंमत म्हणजे त्यांच्या इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत. मुंग्या चढल्या नाहीत. डास मात्र रोग्याच्या उशापायथ्याशीच जन्माला यायचे. पुढे अमेरिकनांचे डॉक्टर गोर्गस यांनी साचलेल्या पाण्याच्या मागे माणसं लावली, आणि १९१४ साली कालवा सुरू झाला. "आपल्या गच्चीवरची टाकी उघडीच असते," साडूभाऊ म्हणाले आणि तडक सेक्रेटरीकडे गेले.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. मान्यताप्राप्त केंद्रावरच जावं लागतं, तेही नंबर लावून. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि ती एकदा तयार केली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून लोक जमवून टोचतात. साठीच्या पुढच्यांना तर आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लावतात. आम्ही चौघेही त्याच गटातले, त्यामुळे रक्तदाबाच्या फायली घेऊन बसलो होतो.

"अंड्याची अ‍ॅलर्जी?" डॉक्टरीणबाईंनी ताईंना विचारलं.

"आमच्याकडे अंडं घरात येत नाही!" ताई म्हणाल्या. ताई म्हणजे हिची थोरली बहीण.

"न खाण्याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत, आजी. लशीचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून विचारलं."

त्यात श्रावण चालू. खोलीत शांतता पसरली. मागच्या रांगेतला आफ्रिकेला निघालेला इंजिनियर पोरगा घड्याळ बघू लागला. ताईंनी डोळे मिटले, आपल्या मनातल्या धर्मशास्त्राची पानं चाळली आणि बाही वर केली. "तोंडावाटे जात नाही ना? मग चालतं."

सुई दंडात गेली. दाखल्याच्या पिवळ्या पुस्तकावर पासपोर्टचा नंबर चढला, शिक्का बसला. दहा दिवसांनी ते लागू होतं आणि नव्या नियमाने जन्मभर चालतं. "जन्मभर" ऐकल्यावर साडूभाऊंनी एका डोसाची वार्षिक किंमत काढायला घेतली. ती स्वतःच्या उरलेल्या आयुष्यावर अवलंबून आहे हे ध्यानात येताच पेन खिशात ठेवलं.

एवढं करून बोटीवर माणसाला गाठतो तो पोट बिघडवणारा नोरोव्हायरस. त्याच्यावर लस नाही आणि हाताला चोळायच्या जेललाही तो फारशी दाद देत नाही. साबणाने खसाखसा हात धुवायचे, बस. बुफेच्या दाराशी बेसिनं होती आणि ताईंनी तिथे ठाण मांडलं. हात न धुता पुढे सरकणाऱ्या एका धिप्पाड अमेरिकनाला त्यांनी शुद्ध मराठीत परत फिरवलं. तो फिरला. दुसऱ्या दिवसापासून लांबूनच त्यांना दोन्ही तळवे दाखवून आत जायचा.