पावतीवर ‘कोर्स’ का लिहिलंय?

उज्जैनला देवास गेटच्या बस स्टँडवर चार दिवसांपूर्वी ओळखीतली एक मुलगी भेटली. इंदूरची बस धरायची घाई होती, तरी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून तिने माझ्या हातात ठेवला. “काका, एवढं जरा बघता का? कोरियाचं होईल ना माझं?”

मुलगी इंग्रजीत एमए झालेली. घरी मराठी, गल्लीत हिंदी, इंग्रजीही स्वच्छ. कागद म्हणजे पावती होती. रक्कम ४५,००० रुपये, तपशील ‘१२० तासांचा टेफल कोर्स’, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण. कोरिया हा शब्द पावतीवर कुठेच नव्हता. नोकरी हाही नव्हता. ते सगळं तोंडी झालं होतं.

माझ्या लेखी ही फसवणूक आहे, आणि पावती फाडणाऱ्याला ते पुरतं ठाऊक होतं. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. म्हणूनच पावतीवर ‘भरती’ लिहीत नाहीत, ‘कोर्स’ लिहितात. कोर्सला ना मर्यादा, ना नोंदणी.

आता कोरियाचं. तिथे परदेशी भाषा शिकवणाऱ्यांना ई-२ व्हिसा मिळतो. इंग्रजीसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी ठेवलेला आहे. तुमचं इंग्रजी कसं आहे, हे नंतर. आधी पासपोर्ट बघतात. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. लहानपणापासून इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या, दोन भाषांमधून तिसरीत जायची वाट स्वतः चाललेल्या मुलीला शिकणाऱ्याची अडचण जास्त कळते. पण नियम आहे, आणि कोर्सचं प्रमाणपत्र पासपोर्टचा रंग बदलत नाही.

भारतीयांसाठी मात्र तिथे एक वेगळं दार आहे आणि ते कुठल्याच बोर्डावर रंगवलेलं दिसत नाही. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीयांना शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. अट पदवीची आणि शिक्षक म्हणून अधिकृत पात्रतेची. आपल्याकडे त्याचा अर्थ बीएड. मुलीचं बीएड झालेलं नाही. म्हणजे ४५,००० रुपये तिने नेमक्या नको त्या गोष्टीवर घातले.

दुसरं दार फ्रान्सचं. शाळांमध्ये परदेशी भाषा-सहायक नेमायची त्यांची पद्धत १९०५ पासूनची. भारतातून इंग्रजीसाठी मुलं घेतात. आठवड्याला बारा तास, ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने. पगार फ्रेंच सरकार देतं, विमानाचं भाडं आपलं. इंग्रजी शिकवायची, पण त्यासाठी फ्रेंच बी-१ पातळीपर्यंत यायला हवी. फ्रीगंजमध्ये ‘फाडफाड इंग्रजी’च्या क्लासला तीन-तीनदा पैसे भरणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही. भोपाळला आलियाँस फ्राँसेज आहे. तिथे दीड-दोन वर्षं नेटाने फ्रेंच शिकलात तर हाती एक भाषा तरी उरते. टेफलच्या कागदानंतर काय उरतं?

तिसऱ्या दाराबद्दल मला सर्वांत आस्था आहे. फुलब्राइटची भाषा-सहायक योजना. आपल्याकडच्या तरुण इंग्रजी शिक्षकांना ती नऊ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात नेते. जाणारा तिथे शिकवतो हिंदी किंवा दुसरी एखादी भारतीय भाषा, आणि स्वतःही दोन-दोन विषय शिकतो. प्रवास आणि खर्चाचे पैसे शिष्यवृत्तीतून मिळतात, मध्ये एजंट नाही. कोणत्या भाषा, किती जागा, वयाची अट काय, हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघायचं. उज्जैनच्या मराठी घरात हिंदीला कोणी विद्या समजत नाही. ‘ती येतेच की,’ म्हणून विषय संपतो. पण माळव्यातल्या मुलाला हिंदी जशी जिभेवर असते आणि वाचूनही कमावलेली असते, तशी शिकवणारी माणसं तिकडे हवी असतात.

ही वाट आपल्या गावाला नवी नाही. देवास गेटच्या माधव कॉलेजात १९३८ पासून दहा वर्षं लेखक प्रभाकर माचवे शिकवत होते. ग्वाल्हेरला मराठी घरात जन्म, लिहिणं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. पुढे १९५९ च्या सुमारास ते विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिथी प्राध्यापक म्हणून गेले. कॉलेजातल्या किती मुलांना आज हे माहीत आहे? इंग्रजी विभागाने, हिंदी विभागाने आणि महाराष्ट्र समाजाने मिळून वर्षातून एक दुपार या तीन वाटा समजावून सांगण्यासाठी द्यायला काय हरकत आहे? एक खोली आणि वीस खुर्च्या लागतील. फ्लेक्स नको.

मुलीला मी तिथेच उभ्याउभ्या सांगितलं: बीएडचा फॉर्म भर, फ्रेंच सुरू कर, आणि आणखी एक रुपया देऊ नकोस. ती म्हणाली, “काका, पण ते म्हणतात दुसरा हप्ता भरला की इंटरव्ह्यू लावून देतो.” मग मी बस सोडायला लावली. स्टँडच्या बाकावर बसून आम्ही त्या माणसाला एक मेसेज लिहिला: तुमचा परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक पाठवा. निळ्या खुणा लगेच आल्या. चार दिवस झाले, क्रमांक आलेला नाही.

तुमच्या घरातही असं कोणी असेल तर पैसे भरण्याआधी हाच एक प्रश्न लेखी विचारायला लावा, आणि उत्तर मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ताडून बघा. पैसे गेलेच असतील तर पावती फेकू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.