सल्ल्याला मीटर नाही

कऱ्हाडजवळच्या मलकापुरात दोन गोष्टी चोवीस तास मिळतात. नळाला पाणी आणि तब्येतीचा सल्ला. पाण्याला मीटर आहे.

सल्ल्याची ही सुबत्ता गावाच्या नकाशातच आहे. मधून पुणे-बंगळूर महामार्ग, त्याच्या कडेला मेडिकल कॉलेज आणि भलंमोठं कृष्णा रुग्णालय, आसपास औषधांची दुकानं, लॅब, सोनोग्राफी आणि मागे आगाशिवचा डोंगर. पडझडीला रस्ता, डागडुजीला दवाखाना आणि दोन्ही टाळायचं असेल तर डोंगर. अशा गावात सल्ला न ऐकता म्हातारं होणं कुणालाही जमलेलं नाही.

पहिला हप्ता बारशाआधीच सुरू होतो. डॉक्टर सांगतात, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आजीची सहाण तोवर धुऊन तयार असते. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, हळकुंड. बाळंतीण दोघांनाही 'हो' म्हणते, कारण डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात आणि सासू रोज. आजीचा पुरावा घरातच फिरत असतो, "ह्याचा बाप ह्याच गुटीवर वाढलाय." बापाकडे नीट बघितलं की हा पुरावा नेमका कुणाच्या बाजूचा, असा प्रश्न पडतो, पण तो बाळाच्या आत्याबाईंसमोर विचारू नये.

विसाव्या वर्षी आजी मागे पडते आणि जिमचा ट्रेनर पुढे येतो. पावडरचा डबा, सहा कच्ची अंडी, आरशासमोर फोटो. आपल्या पोरांना हे खूळ नव्यानं लागलंय असं समजणाऱ्या आबांनी जरा मागे बघावं. औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, ज्यांच्या घराण्याचा कारभार एके काळी कऱ्हाडातून चाले, तेही आधी सँडोच्याच नादी लागले होते. युजेन सँडो हा त्या काळचा साऱ्या जगाचा पैलवान. त्याची पुस्तकं घ्यायची, त्याची उपकरणं मागवायची आणि दंड मोजत बसायचं, असं या राजपुत्रानं वर्षानुवर्षं केलं. मग १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, गादीवर बसले आणि संस्थानाला व्यायाम लागू झाला.

लागू झाला म्हणजे खरोखरच. शाळांतून नमस्कार सक्तीचे. राजा रोज घालणार, राणीसाहेबही घालणार, पोरंबाळंही घालणार. बायकांनी व्यायाम करावा हे त्या काळात नुसतं बोलणंही धाडसाचं होतं; इथं राजवाड्यातूनच सुरुवात. महाराजांनी पुस्तक लिहिलं, पुढे लंडनच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी संपादन करून त्यांच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली काढलं. १८६८ चा जन्म आणि १९५१ चा मृत्यू, म्हणजे वयाची ब्याऐंशी वर्षं पुरी. सूर्यनमस्कारामुळेच इतके जगले असं मी म्हणणार नाही, राजवाड्याचं जेवण आणि राजवैद्य हाताशी असल्यावर आयुष्य जरा ऐसपैसच असतं. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सांगणारा आणि करणारा माणूस तिथं एकच होता. आता सांगणारा एक, करणारा दुसरा आणि हप्ते भरणारा तिसरा, असा श्रमविभाग झालाय.

तिशी संपता संपता लॅबचा फोन येतो. 'फुल बॉडी पॅकेज, सकाळी उपाशीपोटी, घरी येऊन रक्त नेऊ.' आपल्याकडच्या शार्ङ्गधरसंहितेत याचं उत्तर सहा-सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. तिथं दर दहा वर्षांनी माणसाचं एकेक काय जातं त्याची यादी आहे. पहिल्या दहा वर्षांत बालपण जातं, दुसऱ्यात वाढ, तिसऱ्यात कांती आणि चौथ्यात मेधा. पॅकेजवाल्यांनी ही यादी वाचली असावी असा माझा संशय आहे. फोन बरोबर चौथ्या दशकातच येतात.

यापुढे पोटाचं राजकारण. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दोनच पक्ष उरले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत, दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत उठा. मधे काही नाही. ऋजुता दिवेकर म्हणत, थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळानं खा, तुपाला घाबरू नका. दोघांकडेही युक्तिवाद होते. सामान्य माणसाकडे भूक होती. आमच्याकडचे एक आप्पा सर्वपक्षीय आहेत. जेवतात दीक्षितांसारखे दोनदा, मधलं खातात दिवेकरांसारखं. वजनानं मात्र कुठल्याच पक्षाची शिस्त पाळली नाही. २०२३ साली आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात दहा कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह असल्याचं निघालं. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात ही बातमी लोकांनी चहा पीत वाचली. चहा कसा होता, ते विचारू नका.

मग निदान चाला. किती? दहा हजार पावलं. मोबाइल सांगतो, घड्याळ सांगतं, जावई सांगतो. हा आकडा कुठल्या आयुर्वेदाचार्याचा किंवा हृदयतज्ज्ञाचा नाही. टोकियोच्या ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार घातले. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आहे आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक पडत नाही. ही बातमी कुणी पुढे पाठवली नाही. अडीच हजार पावलं वाचली याचा आनंद गटात जाहीर करायला जमत नाही ना. आणि पावलं टाकायची कुठं, तेही सल्ल्यात नसतं. महामार्ग सहापदरी करताना इथला जुना उड्डाणपूल पाडला, नव्याचं काम निघालं. त्या दिवसांत सेवा रस्त्यावरून सकाळी फिरायला जाणाऱ्यानं छातीचा फोटो परस्पर काढूनच घरी यावं, अशी धूळ. आगाशिव चढावा तर गुडघ्यांचे डॉक्टर नको म्हणतात.

बायकांना मात्र वयाचा सल्ला फार थोडक्यात मिळतो. बाळंतपणी ढीगभर, अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी. सव्वा महिना झाला की संपला. त्यानंतर थेट गुडघे. मधल्या तीस वर्षांत तिच्या तब्येतीला काय झालं, याची विचारपूस ती स्वतःही करत नाही. सरकारनं तरी वयाप्रमाणे रंग ठरवून दिलेत. पाच ते नऊ वर्षांच्या पोरांना लोहाची गुलाबी गोळी, दहा ते एकोणीसला निळी, गरोदर बाईला लाल. शाळेत आठवड्याला एक. इतकं सरळ, इतकं स्वस्त, पण 'गोळीनं पोटात मळमळतं' या एका वाक्यावर ती बाकाखाली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. घरी मोठी बाई लाल गोळी घेतेही, पण चहाबरोबर. चहा लोह अंगी लागू देत नाही, हे तिला कुणी सांगत नाही. सांगणारे सगळे तेव्हा गरम पाण्यात मध घालण्याविषयी बोलत असतात.

आणि एक सल्ला, जो सगळ्यांत काटेकोरपणे पाळला गेला. हंगाम लागला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कृष्णाकाठच्या फडात उतरतात. त्यातल्या कित्येक बायांना पोरं झाल्यावर डॉक्टरकडून ऐकायला मिळालं, पिशवी काढून टाक, कटकट नको. पाळी आली की खाडा, खाडा पडला की दंड. हिशेब सोपा होता. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेक जणी चाळिशीच्या आतल्या. या सल्ल्याला मात्र फी होती. उचल घेऊन भरलेली.

वयाच्या सगळ्या टप्प्यांना उपयोगी पडलेली एक गोष्ट मलकापुरानं केली, ती म्हणजे चोवीस तास पाणी, पण तिला कुणी आरोग्याचा सल्ला म्हणत नाही. पाइपात पाणी थांबून थांबून येत असलं की मधल्या वेळात रिकाम्या पाइपात फटींतून बाहेरची घाण ओढली जाते. पाणी सतत दाबानं राहिलं की ती आत यायला जागा उरत नाही. पिंपं भरून ठेवायची गरज संपली की डासांचं पाळणाघरही बंद. तान्ह्याचं पोट आणि म्हाताऱ्याचं पोट, दोन्ही एकाच पाइपानं सांभाळली. त्या पाइपानं ना पुस्तक लिहिलं, ना पंचावन्न मिनिटांत उठायला सांगितलं. मीटरचं बिल आलं की आपण नगरपालिकेला चार शब्द सुनावतो, एवढंच तिचं मानधन.

साठीनंतर सल्लागारांना ऊत येतो. बटाटा वातूळ, वांगं खाजरं, दही थंड, पपई उष्ण, आणि भात म्हणजे साक्षात साखर. आबांना काय खाऊ नये ते पाठ आहे. काय खावं ते अजून कुणी सांगायचंय. बरं, सरकारनं सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं कार्ड आणलं, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. एवढी चांगली गोष्ट ऐकून आबा पिशवीत कागद घालून केंद्रावर गेले.

आता या पिढीचा घोळ असा की निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो. पोराला शाळेत घालायला नेलं, बापाला तारीख आठवेना, गुरुजींनी १ जून टाकला. वर्षही अंदाजानंच, आणि शक्यतो वय दोन-चार वर्षांनी कमी करून, पुढंमागं नोकरी लागली तर तेवढी जास्त मिळावी म्हणून. नोकरी लागली नाही, आबांनी जन्मभर शेतीच केली. पण गुरुजींचं वर्ष दाखल्यातून आधारवर आलं.

"आबा, तुमचं वय सदुसष्ट दिसतंय," केंद्रावरचा पोरगा म्हणाला.

"अरे, एकाहत्तर संपलं की! दुष्काळ पडला त्या साली मी नांगरामागं उभा होतो."

"आधारवर सदुसष्ट आहे. कार्डाला सत्तर लागतात."

"मग?"

"तीन वर्षांनी या. तोवर तब्येत सांभाळा."