कॉन्ट्राभाऊ

कॉन्ट्राभाऊंच्या लेखी वाशिमच्या इतिहासाचे कालखंड दोनच. जिल्हा व्हायच्या आधीचा आणि जिल्हा झाल्यानंतरचा. वाकाटकांची राजधानी, वत्सगुल्म वगैरे त्यांना शाळेत शिकवलं होतं, पण ते मार्कांपुरतं. १ जुलै १९९८ ला वाशिम अकोल्यातून वेगळं निघालं. त्याच्या आधी जे व्हिडिओ गेम खेळले गेले ते असली, त्यानंतरचे सगळे पाणी घातलेले. आता असली म्हणजे काय, तर जपानी मशीनची नक्कल, तिच्यात खुपसलेली ‘९९९९ इन १’ असं छापलेली पिवळी कॅसेट आणि त्या कॅसेटमध्ये धड दहासुद्धा गेम नाहीत, बाकी त्यांचीच नावं फिरवून केलेली भरती. हे कॉन्ट्राभाऊंना सांगून पाहा. ते रागावत नाहीत. “नक्कल असन भाऊ,” म्हणतात, “पण मनापासून केलेली नक्कल व्हती.”

त्यांचं खरं नाव कृषी सेवा केंद्राच्या परवान्यावर आहे, ते तिथेच असू द्या. वय चाळिशीच्या पलीकडे, पोट त्याच्याही पलीकडे. दुकानात खताच्या पोत्यांची थप्पी, थप्पीला टेकून टेबल, टेबलावर बिलाचा कॉम्प्युटर. बिलाच्या खिडकीमागे दुसरी एक खिडकी कायम उघडी असते. गिऱ्हाईक आलं की ते चपळाईनं बिल पुढे आणतात, पण आवाज बंद करायचं राहून जातं. त्यामुळे डीएपीचा भाव विचारायला आलेल्या माणसाला उत्तराआधी मशीनगन ऐकू येते. जुनी गिऱ्हाइकं आता दचकत नाहीत. “चालू द्या, चालू द्या,” म्हणून पोत्यावर बसतात.

त्यांचा डावा अंगठा बघण्यासारखा आहे. बोलताना, जेवणाची वाट बघताना, बँकेच्या रांगेत तो आपला स्वतंत्र हलत असतो: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मग उजवा अंगठा दोन ठोके देतो. हा कोनामी कोड. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ नावाचा गेम घरच्या मशीनवर आणत होते. तपासायला बसले तर त्यांना स्वतःलाच तो जमेना, म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही चोरवाट ठेवली आणि नंतर काढायची राहून गेली. पुढे तीच वाट ‘कॉन्ट्रा’ या भाऊंच्या लाडक्या गेमात आली आणि तीन लाइफच्या तीस झाल्या. २०२० च्या फेब्रुवारीत हाशिमोतो वारले. कॉन्ट्राभाऊंनी व्हॉट्सॲपला त्यांचा फोटो, खाली दोन फुलं आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं स्टेटस ठेवलं. तासाभरात मालेगाव तालुक्यातून एका शेतकऱ्याचा फोन: “भाऊ, आत्ताच पायलं. माती कवा हाय?”

बाकी त्यांची स्मरणशक्ती यथातथाच. जीएसटीचा पासवर्ड ते दर महिन्याला सीएला विचारतात. पण ‘जीटीए’ गेमच्या ‘व्हाइस सिटी’त रणगाडा पाहिजे असेल तर ‘पॅन्झर’ टाइप करायचं आणि पोलीस मागे लागले तर ‘लीव्ह मी अलोन’ सलग, मध्ये जागा न सोडता, हे झोपेतही सांगतील. सायबर कॅफेत हे कोड वहीत लिहून घेतलेले. गुणनियंत्रण निरीक्षक दुकानात साठा-रजिस्टर तपासायला येतात तेव्हा कॉन्ट्राभाऊ समोर हात जोडून उभे असतात, पण जुळलेल्या हातांमागे बोटं काहीतरी टाइप करत असल्याचा मला दाट संशय आहे.

आता अशा माणसाला जगात कोणी विचारत नव्हतं तोवर ठीक होतं. पण मागच्या काही वर्षांत गेम बनवणाऱ्या कंपन्यांना एक साधा हिशेब उमगला. तेव्हा ज्या पोट्ट्यांना आईच्या डब्यातून सुटे चोरावे लागत, त्यांच्या खिशात आता क्रेडिट कार्ड आहे. झालं, एकेक जुना गेम उठून बसायला लागला. २०१७ मध्ये नोकियाचा ३३१० पुन्हा आला, पोटात साप घेऊन. २०२० मध्ये ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’चा चौथा भाग आला, तिसऱ्यानंतर तब्बल २६ वर्षांनी. २०२३ च्या डिसेंबरात ‘जीटीए’च्या सहाव्या भागाची झलक आली आणि गोष्ट परत व्हाइस सिटीत जाणार हे कळलं, तेव्हा ऐन तुरीच्या दिवसांत कॉन्ट्राभाऊंनी दुपारी दुकान बंद ठेवलं.

या सगळ्यांचं ते स्वागत कसं करतात? घोषणा झाली की पहिल्या दिवशी हर्ष. दुसऱ्या दिवशी शंका: “खराब करतीन लेकाचे.” मग वाट पाहणं, ज्यात ते सोयाबीनच्या भावासारखी तारीख रोज बघतात. गेम आला की त्याच रात्री विकत घेणं, पुरा पैसा देऊन, कारण लहानपणीच्या नकली मालाचं प्रायश्चित्त कुठेतरी करायलाच हवं. मग दहा मिनिटं खेळणं. आणि अकराव्या मिनिटाला खुर्ची मागे सरकवून तो निकाल, जो त्यांनी घोषणेच्या दिवशीच लिहून ठेवलेला असतो: “पयलेसारखी मजा नाई राह्यली.”

‘स्ट्रीट्स ऑफ रेज’च्या वेळीही हेच म्हणाले. मी विचारलं, पहिले तीन भाग कुठे खेळला होता? ते सेगाच्या मशीनचे गेम, आणि सेगाचं मशीन त्यांच्या आख्ख्या आळीत कोणाकडे नव्हतं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खेळलो नाई. पण तवाचा लय भारी व्हता.” त्या दिवशी मला हा माणूस कळला. जे आपल्या वाट्याला आलंच नाही तेही गेल्याचं दुःख करायला जिगर लागते. रिसोडपासून कारंज्यापर्यंत ही जिगर असलेले पुष्कळ आहेत. कोणी सिनेमांच्या बाबतीत असतो, कोणी राजकारणाच्या. कॉन्ट्राभाऊंचा विषय तेवढा वेगळा.

अभिमानाचा एक प्रसंग मात्र त्यांच्याही वाट्याला आला. २०२० च्या सप्टेंबरात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं बनवणार अशी घोषणा झाली, आणि काम कोणाकडे, तर युबिसॉफ्टच्या पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडे. कॉन्ट्राभाऊंनी गिऱ्हाइकांना पेढे वाटले. पुण्यात नोकरी करणारा कोणाचाही मुलगा दिसला की विचारायचे, “तूच बनवून राह्यला का रे प्रिन्स?” तो बिचारा विम्याच्या कंपनीत असायचा. मग झलक आली. चित्रं जुनाट दिसतात म्हणून जगभर बोंब झाली, आणि त्या बोंबेत वाशिमचा आवाज कमी नव्हता. “असा असते का प्रिन्स? हा तर लग्नाच्या व्हिडिओतला नवरदेव हाय!” जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मार्चची बेमुदत, आणि २०२२ मध्ये काम उचलून माँट्रियलला नेलं, जिथे २००३ चा मूळ गेम बनला होता. ही बातमी वाचून कॉन्ट्राभाऊ संतापले. “आपल्या पोट्ट्यांवर भरोसा नाई ठेवला! मोठ्या लोकायचं असंच असते!” पेढे आणि शिव्या एकाच तोंडातून, आणि दोन्ही मनापासून.

एका गेमबद्दल मात्र ते कधी वाकडं बोलत नाहीत. मुस्तफा. १९९३ चा कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. पण पार्लरमध्ये रुपया टाकणाऱ्या कोणीही हे नाव घेतलं नाही. पिवळ्या टोपीचा मुस्तफा धावत येऊन लाथ घालायचा, म्हणून गेमचं नाव मुस्तफा. निवडायच्या चौघांत मेस नावाचा एक आडदांड गडी होता, तो शेवटी आलेल्याच्या वाट्याला यायचा. हा गेम मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिक्सवर बेतलेला, त्यामुळे नुसती कॅपकॉमची मर्जी पुरत नाही, हक्कांचा गुंता आहे. दुसरे जुने गेम पुन्हा पुन्हा विकायला येतात, मुस्तफा येत नाही. आणि येत नाही म्हणूनच त्याच्यावर कॉन्ट्राभाऊंची श्रद्धा अभंग आहे. १९९४ मध्ये त्याच नावाचा सेगा सीडीवर एक गाडी चालवायचा गेम आला होता, असं मी एकदा सहज बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोहरादेवीच्या यात्रेत मी कोणाचा नवस खोटा ठरवला होता. पुढचे आठ दिवस चहा नाही.

खरी मौज जूनमध्ये. मृग लागला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि येणारा प्रत्येक जुना शेतकरी एकच मागतो: “तीनशेपस्तीस द्या.” जेएस ३३५ हे सोयाबीनचं वाण १९९४ मध्ये आलेलं. कॉन्ट्राभाऊ काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहतात आणि व्याख्यान सुरू होतं. “बाप्पा, जग कुठं चाललं अन् तुमी कुठं? तीस वर्षं झाले त्या वाणाले. रोग येते, उतारा येत नाई. फुले संगम पाहा, नवे वाण पाहा. अन् पंच्याहत्तर-शंभर मिलिमीटर पाऊस पडल्याबिगर पेरू नोका.” हे सगळं ते पोटतिडकीनं बोलतात आणि त्यात चूक काहीच नसतं. मागच्या खिडकीत १९८७ चा गेम थांबवून ठेवलेला असतो. मागच्या साली एका म्हाताऱ्यानं तिकडे बोट केलं. “भाऊ, हे नवं वाण हाय का?” सगळं दुकान हसलं. कॉन्ट्राभाऊंनी मुकाट्यानं तीनशेपस्तीसची पिशवी काढून दिली, आणि बिलात पाच रुपये सूट.

२०२४ च्या मार्चमध्ये मात्र दैवतच नव्या कपड्यांत आलं. ‘कॉन्ट्रा: ऑपरेशन गालुगा’. तेच जंगल, तेच बिल आणि लान्स नावाचे दोन गडी, तीच उघड्या दंडांची बेफिकिरी. बनवणारे वेफॉरवर्ड, मालक कोनामीच. कॉन्ट्राभाऊंनी मुलगा, बायको, दुकानातला पोऱ्या सगळ्यांना समोर बसवलं. गेम सुरू झाला आणि त्यातली माणसं बोलायला लागली. “हे काहून बोलून राह्यले?” गोष्ट आहे बाबा, मुलगा म्हणाला. “कॉन्ट्राले गोष्ट कायले पायजे? उजव्या बाजूले जायचं अन् मारायचं!” मग पहिली गोळी लागली आणि बिल मेला नाही, नुसती जिवाची पट्टी कमी झाली. हे त्यांना सर्वांत लागलं. त्यांच्या काळात एक गोळी म्हणजे एक लाइफ, आणि लाइफबरोबर हातातली ‘एस’ची बंदूकही जायची, जिच्यातून पंख्यासारख्या गोळ्या सुटायच्या. मुलानं सेटिंगमध्ये जाऊन एका गोळीत मरायची सोय करून दिली. मग ते पहिल्याच टप्प्यात इतक्या वेळा मेले की पोऱ्या दुकान उघडायला निघून गेला. निकाल ठरलेलाच होता. “पट्टी व्हती तवाच बरं व्हतं,” असं मुलगा पुटपुटला, पण बापाला ऐकू जाईल इतक्या जोरात नाही.

दिवाळीत पुण्याहून चुलत भाऊ आला, लहानपणीचा दुसऱ्या रिमोटचा मालक. आता तो कुठल्याशा कंपनीत मॅनेजर आहे, केस विरळ झालेत आणि साखर सोडलीय. दोघांनी नवा गेम बाजूला ठेवून कोनामीनं २०१९ मध्ये काढलेला जुन्या कॉन्ट्रांचा संच लावला. म्हणजे अगदी तोच गेम, तेच जाडजाड ठोकळे, तोच टिणटिण आवाज. आता तरी? जंगल पार होईपर्यंत कॉन्ट्राभाऊ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा पण बदलला बे. फास्ट केला यायनं.” भाऊ म्हणाला, आपण स्लो झालो. त्यावर त्यांनी विषय बदलला.

तिसऱ्या टप्प्यात धबधबा येतो. तिथे वर चढायचं असतं आणि पडदा वर जाणाऱ्याबरोबर सरकतो. खाली राहिला तो मेला. मॅनेजरसाहेब उड्या मारत निघाले आणि कॉन्ट्राभाऊ खालच्या कडेला गडप. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. “थांब ना बे!” “तू ये ना भराभर!” आपल्या लाइफ संपल्या की साथीदाराच्या शिल्लक लाइफमधून घेता येते, ही या गेमची जुनी सोय. कॉन्ट्राभाऊंनी न विचारता घेतली. भाऊ उठून उभा राहिला. “न विचारता? परत?” “मंग अठ्ठ्याण्णव साली तू घेतल्या त्या?” “त्या फेडल्या मी!” “कवा? लाइट गेल्ती तवा!” आणि तिथून पुढे लोडशेडिंग, कोणी कोणाचा रिमोट आदळला, शिरपूरला जाताना एसटीत कोण कोणाशी बोललं नव्हतं, कोणाच्या बारशाला कोण आलं नाही, असं सगळं निघालं. दोघांच्या बायका फराळाची ताटं हातात घेऊन दारातच थबकल्या. मुलं मोबाइलमधून डोकं वर काढून बघायला लागली. त्यांच्या गेममध्ये शंभर माणसं उतरतात, पण एवढं भांडण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी आतून कॉन्ट्राभाऊंच्या आई आल्या, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी कोणाकडे बघितलंही नाही. भिंतीपाशी गेल्या, वाकल्या आणि प्लग उपटला.

“जेवाले बसा,” म्हणाल्या. “लाइफ मी वाटून देतो दोघायले.”

जेवताना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मठ्ठा वाढायच्या वेळी मॅनेजरसाहेबांनी हळूच विचारलं, “मुस्तफा मिळते का रे कुठं?”

“नाई मिळत,” कॉन्ट्राभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की वहिनींनी न विचारता आणखी एक अनारसा वाढला.